तडा पुलाला, दुखणं पाण्यात: एका इंग्लिश इस्टेटीतल्या लोखंडी पुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंग्लंडमधली एक जुनी इस्टेट. नाव, कौंटी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. टेकाडावर मोठं घर, समोर उतरत गेलेलं कुरण आणि कुरणाच्या तळाशी वळणं घेत गेलेलं पाणी. पाहणाऱ्याला ती नदी वाटते. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेलं ते तळं आहे. त्या काळात इंग्लंडभर अशी तळी होत होती. उद्यानरचनाकार 'कॅपेबिलिटी' ब्राउन (१७१६–१७८३) याने ब्लेनम राजवाड्याला केलेलं तळं याच जातीचं. पाणी अडवायचं, काठ वळणावळणाचे ठेवायचे आणि पाणी नेमकं कुठे संपतं हे घरातून बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही. टोक लपवायला कधी झाडी लावत, कधी पूल बांधत. लंडनमध्ये केनवुडला तळ्याच्या टोकाशी नुसता दर्शनी भाग असलेला खोटा पूल आहे. त्यावरून कुणी कुठेच जात नाही.

आपल्या प्रकरणातला पूल मात्र खरा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, सुमारे १८ मीटरच्या एकाच कमानीचा, ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा. सेव्हर्न नदीवर कोलब्रुकडेलजवळ १७७९ मध्ये बिडाचा मोठा पूल उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत जमीनदारांना लोखंडी पुलाची हौस लागली. जर्मनीत वोर्लिट्झच्या उद्यानात १७९१ मध्ये त्या पुलाची छोटी प्रतिकृती झाली. सफकमध्ये कलफर्ड पार्कात सॅम्युअल वायटच्या पेटंट पद्धतीचा पूल १८०४ च्या सुमाराला झाला. ईटन हॉल इस्टेटीसाठी आल्डफर्डला विल्यम हेझलडीनने १८२४ मध्ये पूल उभारला. दगडी पूल कुणाकडेही असे. पातळ, जाळीदार, पाण्यावर तरंगल्यासारखा पूल आपल्याकडे असणं ही त्या काळातली आधुनिकता होती.

इथल्या पुलाला चार समांतर कमानी रिब, म्हणजे भार पेलणाऱ्या फासळ्या, आहेत. प्रत्येक रिब तुकड्यातुकड्यांनी ओतून बोल्टने जोडलेली. रिबच्या वरच्या कोपऱ्यांत लहान होत गेलेली वर्तुळं, वर बिडाच्या पत्र्यांवर खडीचा रस्ता, बाजूला घडीव लोखंडाचे कठडे. दोन्ही काठांवर वालुकाश्माचे भक्कम अबटमेंट, म्हणजे कमानीची टोकं पेलणारे आधार. बांधाच्या टोकाशी मोठमोठे खडक रचून केलेला छोटा धबधबा. लोक त्याला शोभेची गोष्ट समजतात. खरं तर तो या बांधाचा सांडवा आहे.

कागदोपत्री हा पूल दुसऱ्या श्रेणीचा, पण तारांकित, म्हणजे ग्रेड दोन-स्टार वारसा वास्तू. त्याला हात लावायचा तर १९९० च्या कायद्याखाली परवानगी लागते आणि हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेचं मत घ्यावं लागतं. उद्यान ऐतिहासिक उद्यानांच्या नोंदवहीत आहे. त्यासाठी वेगळी परवानगी नसते, पण नियोजनाचा निर्णय घेताना त्याचा विचार व्हावाच लागतो. तळ्याचा कायदा तिसराच. त्यात सुमारे ३६,००० घनमीटर पाणी मावतं. इंग्लंडमध्ये आजूबाजूच्या जमिनीच्या वर २५,००० घनमीटरपेक्षा जास्त पाणी अडवणारा कुठलाही बांध १९७५ च्या जलाशय कायद्यात येतो. मग तो बांध पाणीपुरवठ्याचा असो की एखाद्या ड्यूकच्या हौसेचा.

इस्टेटीत पुलाचं काम इमारत विभागाकडे आणि तळ्याचं जमीन-जंगल विभागाकडे होतं. दोन विभाग, दोन कपाटं, दोन फायली. पुढच्या गोष्टीचं मूळ या मांडणीत आहे.

अडचण कशी समोर आली

पुलाला रंग द्यायचा म्हणून खाली परांची बांधली. तेव्हा बाहेरच्या रिबमध्ये, कमानीच्या माथ्याशी, उभा तडा दिसला. खालच्या कडेला तो सर्वांत रुंद, तिथेही दोन मिलिमीटरच्या आत, आणि वर जाताजाता मिटलेला. कोपऱ्यातलं एक वर्तुळ तुटलं होतं. कठड्याचा एक भाग वाकला होता.

बिडाच्या बाबतीत हे किरकोळ नाही. बीड दाब उत्तम झेलतं, ताण मात्र त्याला सोसत नाही, आणि तुटताना ते वाकून इशाराही देत नाही. कमान बिडाची करायची ती याचसाठी, की कमानीत सगळीकडे दाबच असावा. माथ्याच्या खालच्या कडेला तडा म्हणजे जिथे दाब असायला हवा तिथे ताण आला आहे.

वाहनं त्याच दिवशी बंद झाली. आठवड्याभरात पायी जाणंही मधल्या अरुंद पट्टीपुरतं राहिलं. इस्टेटीच्या उत्पन्नाचा मोठा भाग पर्यटक आणि लग्नं यांतून येतो, आणि लग्नाचे फोटो या पुलाशिवाय होत नाहीत. त्यामुळे "लवकर काहीतरी करा" हा दबाव पहिल्या दिवसापासून होता.

पहिलं निदान

पहिल्या अहवालात दोन कारणं दिली होती. एक, लाकडं वाहणारे ट्रॅक्टर. घोडागाडीसाठी बांधलेल्या पुलावरून ते वर्षानुवर्षं जात होते. दुसरं, सांध्यांत साचलेला गंज. लोखंड गंजलं की फुगतं, आणि दोन पत्र्यांच्या मधला गंज बोल्ट तोडण्याइतका जोर लावू शकतो. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती आणि दोन्ही गोष्टी पुलावर दिसतही होत्या. उपाय सुचवला तो असा: पूल उतरवावा, फुटलेला तुकडा नवा ओतावा, आणि रिबच्या आत न दिसणारे पोलादी गर्डर घालून भार त्यांच्यावर द्यावा.

इस्टेटीने हा अहवाल जवळजवळ मान्य केला होता. तो अडला रंगाच्या एका चाचणीमुळे.

परवानगीच्या अर्जासाठी जुन्या रंगाचे थर तपासावे लागतात. रंगाचा कपचा काढून त्याचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, म्हणजे पहिल्या शेंदराच्या अस्तरापासून आजपर्यंतचे थर एकावर एक दिसतात. ते काम करणाऱ्या तज्ज्ञाने सहज तड्याच्या कडेचाही एक नमुना घेतला. तड्याच्या आत, फुटलेल्या पृष्ठभागावर, शेवटच्या रंगकामाचा थर उतरलेला निघाला. म्हणजे मागचं रंगकाम झालं तेव्हा तडा होताच. जड ट्रॅक्टर त्या पुलावरून जाऊ लागले ते त्या रंगकामानंतर. वेळ जुळेना.

गंजाचंही तसंच. गंजाने सांधे फुगले होते, पण ते सगळ्या रिबमध्ये सारखेच. तडा एकाच रिबला आणि माथ्यालाच का, याचं उत्तर गंजाकडे नव्हतं.

इथला पहिला निर्णय म्हणजे थांबण्याचा. पूल उतरवण्याआधी वर्षभर मोजमाप करायचं ठरलं. तड्यावर मापक बसवले, दोन्ही अबटमेंटवर आणि माथ्यावर पातळी मोजायच्या खुणा केल्या. वर्षभरच का, याचं कारण साधं आहे. १८ मीटर लांबीचं बीड ३० अंश तापमान-फरकाला सुमारे सहा मिलिमीटर लांबतं. हे ऋतूंचं आकुंचन-प्रसरण वजा केल्याशिवाय खरी हालचाल दिसत नाही. एका महिन्याच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढला असता तर तो उन्हाचा निघाला असता, पुलाचा नाही.

पाण्याची रेघ

मोजमापाच्या काळात २०२२ चा उन्हाळा आला. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच तापमान ४० अंशांच्या वर गेलं, ऑगस्टमध्ये अनेक भागांत दुष्काळ जाहीर झाला. तळं आणखी उतरलं. वार्षिक पाहणीला आलेला तळ्याचा देखरेख अभियंता पुलाखाली उभा असताना त्याला अबटमेंटच्या दगडावर दोन आडव्या रेघा दिसल्या. खालची त्या उन्हाळ्याआधीच्या पातळीची. वरची, तिच्यापेक्षा सुमारे ४५ सेंटिमीटर उंच, पांढुरकी आणि जुनी. तळं कधीकाळी तिथपर्यंत भरत होतं.

त्याला कारण माहीत होतं, कारण ते त्याच्याच फायलीत होतं. या कायद्यात दर दहा वर्षांच्या आत स्वतंत्र तपासणी अभियंत्याकडून जलाशय तपासून घ्यावा लागतो. सुमारे दोन दशकांपूर्वीच्या तपासणीत सांडवा अपुरा ठरला होता. बांधाखाली वस्ती आहे, आणि मोठ्या पुरात पाणी मातीच्या बांधावरून गेलं तर बांध वाहून जाऊ शकतो. हा धोका कागदी नाही. १९२५ मध्ये वेल्समध्ये डॉलगारोगला बांध फुटून १६ माणसं गेली, आणि त्यानंतर १९३० मध्ये ब्रिटनचा पहिला जलाशय सुरक्षा कायदा झाला. २०१९ मध्ये टॉडब्रुकचा सांडवा उखडला तेव्हा व्हेली ब्रिज गावातून सुमारे दीड हजार लोकांना हलवावं लागलं. म्हणून सांडवा वाढवेपर्यंतचा तात्पुरता उपाय म्हणून धबधब्याच्या तोंडाचे लाकडी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले आणि पाणी खाली आणलं. उपाय अगदी योग्य होता. सांडव्याच्या कामाला पैसे मिळाले नाहीत आणि तात्पुरतं ते कायमचं झालं, इतकंच.

धबधबा तेव्हापासून कोरडा होता. माहितीपत्रकात त्याला 'खडकांची बाग' म्हटलं होतं. यावर हसावं की रडावं कळत नाही.

आता प्रश्न असा की पाणी ४५ सेंटिमीटर उतरल्याने लोखंडी पुलाला काय होणार? उत्तर पूर्वेकडच्या अबटमेंटच्या मागे खड्डा खणल्यावर मिळालं. पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली खणलेल्या त्या खड्ड्यात, दगडी बांधकामाच्या तळाशी, एल्मच्या जाड ओंडक्यांची आडवी-उभी चौकट निघाली. मऊ जमिनीवर जड बांधकाम करायचं तर भार पसरवायला अशी चौकट घालायची जुनी रीत. एल्म कायम पाण्यात राहिलं तर शतकानुशतकं टिकतं, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते. बांधणाऱ्यांनी चौकट मूळ पाण्याच्या पातळीच्या फूटभर खाली ठेवली होती. पाणी दीड फूट उतरलं.

ओंडक्यांच्या खालच्या बाजूला सुरी शिरत नव्हती. वरची बाजू बोटाने दबत होती. मागच्या कडेचे ओंडके सर्वांत वाईट, आणि कमानीचा रेटा अबटमेंटला मागेच ढकलतो. अबटमेंट मागे खचून किंचित कलला होता, त्यामुळे दोन काठांमधलं अंतर वाढलं. अंतर वाढलं की कमान पसरते, माथा खाली येतो, माथ्याच्या खालच्या कडेला ताण येतो. तडा नेमका तिथेच होता. मोजमापांनीही दुजोरा दिला. ऋतूंचा परिणाम वजा केल्यावर पूर्वेकडचा अबटमेंट अजूनही सरकत होता, अगदी हळू, पण एकाच दिशेने.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय आधीचाच: पूल उतरवून पोलादी गर्डर. याने ट्रॅक्टरसुद्धा जाऊ शकले असते. पण दोनशे वर्षं गंजलेले सांधे उघडताना धड असलेले तुकडेही फुटतात, आणि नंतर कमान ही पोलादावर टांगलेली शोभा उरते. शिवाय खचणाऱ्या पायावर जास्त वजनाचा पूल, ही सूचना निदानाआधीची होती. ती मागे पडली.

दुसरा पर्याय म्हणजे तड्याला धातूचे टाके घालून पूल पायी लोकांपुरता ठेवणे. स्वस्त आणि हलका हस्तक्षेप, पण कारणाला हात न लावणारा.

तिसरा, अबटमेंटमधून बारीक काँक्रीट पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, खाली उतरवून लाकडी चौकटीला निवृत्त करणे. अभियंत्यांना हा आवडतो, कारण हिशेब स्वच्छ असतो. अडचण तळ्याची. या तळ्याचा तळ आणि काठ पाणी घालून तुडवलेल्या चिकणमातीच्या थराने बंद केलेला आहे. त्या काळात हे काम माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी होत असे. त्या थरातून डझनभर भोकं पाडायची म्हणजे गळतीला वाट द्यायची.

चौथा, पाणी पुन्हा मूळ पातळीला नेणे. कुजलेलं लाकूड त्याने परत येणार नाही, पण उरलेलं कुजायचं थांबेल. पुलाच्या दृष्टीने हा सर्वांत साधा उपाय, बांधाच्या दृष्टीने सर्वांत महाग, कारण दोन दशकं टाळलेला सांडवा आता वाढवावाच लागणार.

पाचवा पर्याय जमीन विभागाने मांडला, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. बरगे काढल्यावर तळ्यात २५,००० घनमीटरपेक्षा कमी पाणी मावत होतं. नुसते बरगे काढून कायद्यातून सुटका होत नाही, कारण ते उद्या परत घालता येतात. पण अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधाच्या तोंडाशी कायमची खाच पाडली आणि तसं प्रमाणपत्र मिळालं, तर तळं कायद्याबाहेर जातं. वार्षिक पाहणी, दहा वर्षांची तपासणी आणि सांडव्याचा खर्च तिन्ही टळतात. जोडीला तिसऱ्या पर्यायातले पाइल घालायचे. इंग्लंडमधल्या कितीतरी उद्यान-तळ्यांच्या मालकांपुढे हा मोह आहे. कायद्यातली आकड्याची रेघ त्यांना त्याच दिशेला ढकलते, असं माझं मत आहे.

विरोधात तीन मुद्दे आले. कायद्याबाहेर गेल्याने जबाबदारी संपत नाही: पाणी साठवणाऱ्याने ते सुटून झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची, हे तत्त्व रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या निकालापासून आहे, आणि तो खटलाही एका जलाशयाचाच होता. दुसरं, काठाचा उतार सौम्य असल्याने ४५ सेंटिमीटर पाणी उतरलं की काही मीटर रुंद चिखल उघडा पडतो. नदीचा आभास तिथेच संपतो. पुलाची कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून जो आकार बांधणाऱ्यांनी योजला होता, तो खालच्या पातळीला जुळत नाही. तिसरं, धबधबा कायमचा मरतो. ऐतिहासिक उद्यानांसाठी काम करणाऱ्या गार्डन्स ट्रस्टचं मत कायद्याने मागवावं लागतं. त्यांनी लेखी आक्षेप घेतला, आणि परवानगी मिळणं कठीण आहे हे इस्टेटीला कळून चुकलं.

चौथ्या पर्यायालाही एक अनपेक्षित विरोध होता. उघड्या चिखलाच्या पट्टीवर वीस वर्षांत चिखलात चरणारे पक्षी येऊ लागले होते. परिसंस्था-तज्ज्ञ म्हणाला, तुम्ही दोन शतकांपूर्वीचा देखावा परत आणताना वीस वर्षांचा अधिवास बुडवता आहात. या आक्षेपाची दखल घेतली गेली हे चांगलं झालं.

काय केलं

दुसरा आणि चौथा पर्याय एकत्र केले, आणि अबटमेंटच्या मागच्या भागाची मर्यादित दुरुस्ती जोडली. खरा कस क्रमाचा होता. पुलाखालचं आणि पायाचं काम पाणी उतरलेलं असतानाच करता येतं. पाणी चढवायचं तर आधी सांडवा हवा. म्हणून पाया, मग रिब, त्याबरोबर तळ्यात साचलेला गाळ काढणं, मग सांडवा आणि शेवटी बरगे, असा क्रम ठरला.

कमानीला खालून आधार देऊन अबटमेंटच्या मागे अरुंद खाचा खणल्या. एका वेळी एक, शेजारशेजारच्या कधीच नाहीत. प्रत्येक खाचेत कुजलेला ओंडका काढून त्या जागी पाण्यात टिकणारी पक्की वीट जलचुन्यात, म्हणजे पाण्यातही घट्ट होणाऱ्या चुन्यात, बसवली. धड लाकूड तसंच ठेवलं. भोकं पाडली नाहीत, चिकणमातीचा थर जिथे कापला तिथे पुन्हा तुडवून भरला.

इथे एक मोह टाळला गेला. माथा मूळ उंचीपेक्षा सुमारे तीन सेंटिमीटर खाली होता, आणि जॅक लावून तो वर उचलावा असं ठेकेदाराचं म्हणणं होतं. फोटोत कमान पुन्हा गोल दिसली असती. पण वीस वर्षांत हळूहळू बसलेल्या बिडाला एका आठवड्यात उलटं वाकवायचं म्हणजे दुसरा तडा मागून घ्यायचा. कमान आहे त्या आकारात स्थिर करायची, असं ठरलं.

तड्याला वेल्डिंग केलं नाही. बिडात कार्बन खूप असतो. स्थानिक उष्णतेने वितळवून थंड केलं की जोडाशेजारी काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो. त्याऐवजी तड्याला आडव्या खाचा पाडून त्यांत निकेल मिश्रधातूच्या पट्ट्या ठोकून बसवल्या आणि तड्याची रेघ एकमेकांवर येणाऱ्या खुंट्यांनी भरली. सगळं थंड काम. हातोडीचा ठोका ऐकत सगळ्या रिब तपासल्या, कारण ओलसर जागी बीड असं गंजतं की लोखंड निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मूळ आकार धरून उभा राहतो. बघून कळत नाही, ठोकल्यावर मंद आवाज येतो. असे दोन छोटे भाग सापडले आणि तेवढेच नव्याने ओतले. एका तुकड्यात ओतकामातलं जुनं भोक मेण आणि लोखंडाच्या किसाने बुजवलेलं निघालं. मूळ ओतशाळेचीच चलाखी. ती तशीच ठेवली.

कठडे घडीव लोखंडाचे. ब्रिटनमध्ये घडीव लोखंडाचं व्यापारी उत्पादन १९७० च्या दशकात थांबलं, त्यामुळे जुनं लोखंड पुन्हा लाटून वापरावं लागलं. कठड्याची उंची आजच्या १.१ मीटरच्या अपेक्षेपेक्षा कमी आहे. वर नवा गज घालण्याऐवजी बारीक पोलादी तार ओढली. दुरून ती दिसत नाही. जवळून दिसते, आणि मला ती खटकते, पण याहून बरं काही सुचवताही येत नाही.

गाळ काढताना जेसीबीसारख्या यंत्राचा दात चिकणमातीच्या थरात घुसू शकतो. म्हणून बांधाजवळ आणि पुलाजवळ गाळ पंपाने शोषून काढला. अबटमेंटच्या पायथ्याशी काही मीटरचा गाळ मुद्दाम सोडला, कारण तोही पायाला समोरून टेकण देत होता. निघालेल्या गाळातून तळ्याच्या वरच्या टोकाला उथळ पाणथळ पट्टी केली, पक्ष्यांसाठी. ओढा जिथे तळ्यात येतो तिथे गाळ अडवणारं छोटं कुंड केलं.

सांडव्यासाठी धबधबा रुंद केला नाही. बांधाच्या माथ्याचा एक लांब भाग थोडा खाली घेऊन, हिरवळीखाली जाळी पुरून, पुराच्या वेळी पाणी तिथून सुरक्षित जाईल अशी सोय केली. एरवी ते गवतच दिसतं. रोजचं पाणी पूर्वीसारखं खडकांवरून पडतं. ईल माशांना वर चढता यावं म्हणून कडेने वाट ठेवली. २००९ च्या नियमांनुसार ते करावंच लागतं.

रंगावरून सर्वांत जास्त वाद झाला, हे ओघाने आलंच. गेली अनेक दशकं पूल पांढरा होता आणि घराण्याला तो पांढराच हवा होता. छेदात सर्वांत जुना थर करड्या दगडी रंगाचा निघाला. कोलब्रुकडेलच्या पुलाचं २०१८ मध्ये संपलेलं संवर्धन इथे उदाहरण म्हणून पुढे केलं गेलं. तिथेही नमुन्यांवरून मूळ लालसर तपकिरी रंग ठरवून राखाडी पुसला होता. शेवटी दगडी रंग दिला. जुना शिशाचा रंग सरसकट खरवडला नाही. सुटलेला काढला, धरून बसलेला नव्या थराखाली बंद केला.

निष्पत्ती

बरगे परत बसवले आणि एका ओल्या हिवाळ्यात तळं भरलं. त्यानंतरच्या मोजमापात पूर्वेकडच्या अबटमेंटची हालचाल दिसत नाही. टाके घातलेली जागा ऋतूंप्रमाणे किंचित उघडते-मिटते, तेवढीच. जलाशयाच्या तपासणीतला सांडव्याचा जुना शेरा निकाली निघाला. एकूण खर्चात पुलाचा वाटा निम्म्याहून कमी. जास्त पैसे बांधात आणि गाळात गेले, आणि देणगीदारांना हे समजावणं अवघड गेलं, कारण त्यांनी पैसे 'पुलासाठी' दिले होते.

पुलावर आता फक्त माणसं जातात. ट्रॅक्टर लांबच्या वाटेने जातात आणि त्याबद्दल जंगल विभाग अजून कुरकुरतो. नवरानवरीची गाडी पुलावर नेण्याची विनंती दर हंगामात येते आणि नाकारली जाते. रंगाबद्दल तक्रारी कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

बरगे काढले त्या दिवशी पुलाची फाइल उघडायला हवी होती. पाण्याची पातळी बदलणारा कुठलाही निर्णय काठावरच्या सगळ्या बांधकामांना लागू होतो, आणि काठावरचं बांधकाम कशावर उभं आहे हे विचारायला एक दुपार पुरली असती. आता दोन्ही विभागांची एकच नोंदवही आहे. अबटमेंटवर पितळी पट्टी बसवून तिच्यावर 'याच्या खाली पाणी उतरवायचं असेल तर आधी पुलाच्या अभियंत्याला कळवा' असं लिहिलं आहे, आणि तीच सूचना देखरेख अभियंत्याच्या वार्षिक पत्रकातही घातली आहे.

पातळी-मापनाचं काम स्वस्त असतं. ते महागड्या अहवालानंतर झालं. आधी झालं असतं तर पोलादी गर्डरच्या आराखड्यावर खर्च झाला नसता. रंगाच्या तज्ज्ञाने तड्यातला नमुना घेतला तो त्याच्या कामाच्या यादीत नव्हता. अशी एक ओळ यादीत असावी, एवढं तरी आता कुणीही करू शकेल.

पाणथळ पट्टीचा विचार परिसंस्था-तज्ज्ञाने आक्षेप घेतल्यावर झाला, त्यामुळे आराखडा पुन्हा करावा लागला आणि गाळाचं काम एका हंगामाने पुढे गेलं.

आणि पश्चिमेकडचा अबटमेंट. तिथे खड्डा खणलाच नाही. तो सरकत नव्हता, पैसे संपत आले होते आणि बिनकारण चिकणमातीचा थर कापायचा नाही असं ठरलं होतं. मला तो निर्णय त्या वेळी सयुक्तिक वाटतो. पण तिथेही तीच चौकट असणार आणि ती तितकीच वर्षं कोरडी होती. दोन्ही बाजूंना भूजल मोजणाऱ्या नळ्या बसवल्या आहेत. पश्चिमेकडे सलग दोन वाचनांत एकाच दिशेची हालचाल दिसली, तर पुढच्या दहा-वर्षीय तपासणीची वाट न पाहता खणायचं, असं लेखी ठरलेलं आहे, आणि त्या खड्ड्यापुरते पैसे वेगळे काढून ठेवले आहेत.